इंग्रजी ‘हॅव’चे नेमके अर्थ किती? ‘आय अ‍ॅम हॅविंग टू सिस्टर्स’ चूक का?

तुम्ही विचारलंय की ‘हॅव’ म्हणजे ‘जवळ असणे’, तर मग ‘हॅव ब्रेकफास्ट’ आणि ‘हॅव टू गो’ कुठून आले, आणि ‘हॅविंग’ म्हटलं की लोक का अडवतात. मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. माझ्या मते खरी अडचण अर्थांच्या संख्येची नाही, कर्त्याची आहे.

मराठीत ‘हॅव’साठी वेगळं क्रियापदच नाही. आपण ‘आहे’वर भागवतो आणि बाकीचं काम विभक्तीवर सोपवतो : माझ्याकडे गाडी आहे, मला ताप आहे, तिच्यात धमक आहे, त्याचं गावाकडे घर आहे. इंग्रजी या चारही ठिकाणी ‘हॅव’ वापरते. पण ‘तिला दोन मुलगे आहेत’ या वाक्यात आपलं क्रियापद मुलग्यांच्या मागे जातं, म्हणून अनेकवचनी होतं. इंग्रजीत मालक कर्ता असतो. मुलगे दोन असोत की पाच, क्रियापद ‘तिच्या’ मागे जाणार : ‘शी हॅज टू सन्स’. मुलं तिथे ‘हॅव’ लिहितात ती मराठीच्या हिशेबाने अगदी बरोबर चाललेली असतात. वाक्य जुळवण्याआधी ‘कोणाकडे?’ एवढं विचारा आणि जे उत्तर येईल त्याला पुढे बसवा.

आता ‘हॅविंग’. बहिणी असणं ही स्थिती आहे, चालू असलेली क्रिया नाही, म्हणून ‘आय हॅव टू सिस्टर्स’. जेवण मात्र क्रिया आहे, तेव्हा ‘वी आर हॅविंग लंच’ निर्धास्त म्हणा. ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला बाळ आहे. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला बाळ होणार आहे किंवा ती आत्ता बाळंत होतेय. ‘हॅविंग’ सरसकट चूक, असं शिकवणं मला पटत नाही ते यामुळेच.

‘आय हॅव रिटन द लेटर’मधला ‘हॅव’ही मुळात मालकीचाच. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेलं आहे’ या धर्तीची रचना होती, तिच्यातून हळूहळू ‘मी पत्र लिहिलं आहे’ हा काळ तयार झाला. आपल्याकडेही दोन्हीकडे ‘आहे’च येतं बघा! म्हणून हा काळ मराठी माणसाला लवकर समजतो, पण एक खाच आहे. ‘मी फी कालच भरली आहे’ हे आपण सहज बोलतो. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आला की ‘हॅव’ गेला : ‘आय पेड द फी यस्टरडे’. काल, गेल्या वर्षी, 2019 मध्ये, अशी संपलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळच.

‘हॅव टू’ सोपं आहे : जावं लागतं, ‘हॅव टू गो’, जावं लागलं, ‘हॅड टू गो’. बोलताना ते बहुतेक ‘हॅफ्टू’ असं ऐकू येतं. ‘हॅड हॅड’लाही घाबरू नका. त्यातला पहिला फक्त काळ दाखवतो, ताप दुसऱ्यात आहे : ‘शी हॅड हॅड फीव्हर फॉर थ्री डेज बिफोर शी सॉ अ डॉक्टर’, डॉक्टरांना दाखवण्याआधी तीन दिवस तिच्या अंगात ताप होता.

शाळेत फारसा न शिकवला जाणारा प्रकार म्हणजे करवून घेण्याचा. सलूनमधून आल्यावर आपण ‘मी केस कापले’ म्हणतो आणि कोणाचा गैरसमज होत नाही. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर मात्र तुम्ही स्वतः कात्री चालवलीत असं समोरचा समजतो. तिथे ‘आय हॅड माय हेअर कट’ हवं. ‘आय हॅड माय फोन स्टोलन’ची ठेवणही हुबेहूब हीच, पण तिथे करवून घेणं नाही, फोन चोरीला गेला एवढंच, ते संदर्भावरूनच ओळखायचं.