ओव्हरटाइमच्या पैशांवर आयकर माफ करायला हवा का?

हो, हवा. अमेरिकेत केला तसा आपल्याकडे का नाही, असा प्रश्न आहे. पण तिथेही सगळा ओव्हरटाइम (ओटी) करमुक्त नाही. 2025 ते 2028 या वर्षांपुरती, दीडपट दरात नेहमीच्या दराहून जो अर्धा पट जास्त मिळतो तेवढ्यावरच वजावट, तीही एकट्या माणसाला वर्षाला 12,500 डॉलरपर्यंत. फ्रान्समध्ये मात्र सवलतीसाठी ओटीचा पूर्ण पगार धरतात, पण वर्षाच्या मर्यादेपर्यंतच.

मी भोसरीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर ऑपरेटर, पर्मनंट. 2022 च्या मार्चमध्ये डिस्पॅच अडलं होतं. सुपरवायझरने शॉपवर येऊन सांगितलं, रविवारी कुणी नाही म्हणायचं नाही. दोन रविवार भरले, ओटी झाला साडेसात हजारांच्या आसपास. मार्चचा पगार एप्रिलच्या सात तारखेला होतो. स्लिप बघितली तर टीडीएसच्या, म्हणजे पगारातून कापलेल्या कराच्या रकान्यात 13,416.

वजावटी जाऊन करपात्र उत्पन्न 5,02,000 झालं होतं. पाच लाखांपर्यंत कलम 87ए च्या सवलतीमुळे कर शून्य, रुपयाने वर गेलात की सगळी सवलत जाते. पाच लाखांपर्यंतचे 12,500, वरच्या दोन हजारांचे 20 टक्क्यांनी 400, त्यावर 4 टक्के सेस. रविवार गेले ते गेलेच, वर सहा हजारांची चाट. 31 मार्च उलटून गेला होता, त्यामुळे पीपीएफमध्ये दोन हजार टाकून खाली यायची सोयही राहिली नाही. टाइम ऑफिसवाले म्हणाले, कायदाच तसा आहे.

हे मी घरच्या एका लग्नात सांगितलं, तर बँकेत असलेले आमचे साडू म्हणाले, "अहो, ओव्हरटाइम म्हणजे वरची कमाई. त्यावर कर भरायला काय झालं?" पंगतीत सगळे हसले. तेव्हापासून हा वाद चालू आहे. बचत खात्यात पडून राहिलेल्या पैशाच्या व्याजावर आयकराच्या जुन्या पद्धतीत 10,000 पर्यंत वजावट मिळते. ते व्याज मिळवायला कुणाला मशीनपुढे उभं राहावं लागतं का? आठ तास कूलंटच्या वासात काढल्यावर पुन्हा आठ तास काढणाऱ्याला मात्र एक रुपयाची सूट नाही. ते साडूंनी मला पटवून द्यावं.

आता एक सांगायला हवं. 2025-26 पासून नव्या पद्धतीत पगारदाराला 12.75 लाखांपर्यंत कर लागत नाही, आणि थोडं वर गेलं तर मार्जिनल रिलीफ मिळतो, म्हणजे वरच्या कमाईपेक्षा जास्त कर लागत नाही. म्हणजे आज ओटीवर सूट दिली तरी बहुतेक ऑपरेटरांच्या हातात काही पडणार नाही. जुन्या पद्धतीत पाच लाखांचा तो कडा अजून तसाच आहे.

कंत्राटी पोरांचं तर दुखणंच वेगळं. कारखाना कायद्याच्या कलम 59 मध्ये दुप्पट दर होता, नव्या कामगार संहितेतही दुप्पटच आहे, पण कितीतरी ठिकाणी त्यांच्या हातात सिंगल रेटच पडतो. त्यात 2025 मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने ओटीची मर्यादा तीन महिन्यांना 115 तासांवरून 144 करायला मंजुरी दिली. तास वाढवता तर आधी दुप्पट दर द्या, कराचं नंतर बघू.

तुम्ही जुन्या पद्धतीत असाल तर फेब्रुवारीतच वर्षाची बेरीज मारा. मार्चचा ओटी त्यात धरा, पैसे एप्रिलमध्ये मिळाले तरी हिशोब मार्चचाच होतो. साडूंना मी हे उत्तर पाठवतोय.