'कोरड्यास' पातळ कसं?

प्रश्न असा आहे: सासर सोलापूरकडचं. तिकडे रोज विचारतात, 'आज कोरड्यास काय केलंय?' आणि ताटात येते ती वाटीभर पातळ आमटी. ओल्या पदार्थाला 'कोरड्यास' म्हणणं ही बोलीतली चूक समजायची का?

चूक मुळीच नाही. शब्दाच्या शेवटी जो 'स' आहे त्याच्याकडे बघा. तो चतुर्थीचा प्रत्यय आहे: रामास, घरास, तसं कोरड्यास. कोरडं काय, तर ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी. तव्यावरून उतरली की मऊ असते, पण गार झाली की घशाखाली उतरायचं नाव घेत नाही. त्या कोरड्याला जे लावून खायचं ते कोरड्यास. आमटीला हे नाव तिच्या स्वतःच्या कुठल्या गुणावरून मिळालेलं नाही. भाकरीला तिची गरज आहे, तिथून ते आलं.

आता तुमच्या सासरचं वाक्य पुन्हा वाचा. 'आज कोरड्यास काय केलंय?' याचे दोन अर्थ लागतात. एक, 'कोरड्यासाठी काय केलंय?' इथे कोरडा हा शब्द आणि स हा प्रत्यय. दुसरा, 'कोरड्यास म्हणून काय केलंय?' इथे सगळा मिळून एकच शब्द, पदार्थाचं नाव. दोन्ही अर्थ बिनतक्रार बसतात, आणि माझ्या मते अशाच वाक्यांतून विभक्तीचं रूप हळूच नाम होऊन बसलं. एकदा नाम झालं की ते नामासारखंच चालायला लागतं: 'कोरड्यास खारट झालंय', 'कोरड्यासात मीठ कमी पडलं'. लिंग नपुंसक. 'कोरड्यासाला काय करू?' असंही सहज म्हटलं जातं. व्याकरणाच्या मास्तरांना इथे चतुर्थीवर चतुर्थी चढलेली दिसेल, बोलणाऱ्याला दिसत नाही. कारण रोजच्या बोलण्यात 'स'ची जागा केव्हाच 'ला'ने घेतली. जुना 'स' उरला तो 'नजरेस पडणे', 'वाटेस जाणे' अशा ठरीव जागी, आणि या वाटीत.

(फटका या अर्थाचा 'कोरडा', ज्याचे 'कोरडे ओढतात', त्याचा इथे काही संबंध नाही. सोलापुरी काळ्या तिखटाचं कोरड्यास पहिल्यांदा खाणाऱ्याला तो संबंध जाणवला, तर मात्र मी वाद घालणार नाही.)

विभक्ती पोटात घेऊन फिरणारा हा ताटातला एकटाच शब्द नाही. 'तोंडीलावणं' बघा: 'तोंडी' म्हणजे तोंडाला, जुनी सप्तमी. चटणी, लोणचं, ठेचा, कांद्याची फोड हे सगळं तोंडीलावणं. पण ठेच्याला कोरड्यास म्हटलेलं माझ्या कानाला खटकतं. पिठलं चालतं, आमटी चालते, मटणाचा रस्सा तर हवाच. भाकरी बुडवता किंवा कुस्करता आली पाहिजे, ही त्यातली न सांगितलेली अट.

कुस्करण्यावरून 'कालवण'. हा शब्द सरळ 'कालवणे' या क्रियापदातून आला. दळणे-दळण, वाटणे-वाटण, तसं कालवणे-कालवण. देशावर कालवण म्हणजे भाकरी कुस्करून कालवायला घेतलेलं काहीही, शेंगदाण्याच्या कुटाचं सुद्धा. कोकणात उतरलात की ते भातात कालवलं जातं आणि बहुतेक वेळा मासळीचं असतं: बांगड्याचं कालवण, कोलंबीचं कालवण. गोव्यात शिरलात की त्याचं हुमण होतं. तेव्हा 'कालवण केलंय' एवढं ऐकून मासे मिळतील अशी आशा धरण्याआधी बोलणारा घाटावरचा की घाटाखालचा, ते विचारून घ्यावं. आणि 'कालवं' म्हणजे खडकावरची शिंपल्यातली, ती वेगळी. त्यांचंही कालवण होतं, ही आणखी एक गंमत.

तुमच्या सासरी नाही, पण थोडं पश्चिमेला, सांगली-कोल्हापूरकडे गेलात तर आणखी एका शब्दाला ठेच लागेल. तिथे 'कोरड्यासात चटणी जास्त झाली' असं म्हटलं तर कुणी ताटातली खोबऱ्याची चटणी त्यात सांडलेली नसते. तिकडे चटणी म्हणजे डब्यात भरून ठेवलेलं कांदा-लसणाचं लाल तिखट. वर्षाची चटणी उन्हाळ्यात कुटून ठेवतात.

राहिला प्रश्न शुद्धतेचा. सातारा-सांगलीपासून सोलापूर ओलांडून मराठवाड्यापर्यंत हा शब्द घरोघरी ऐकू येतो, त्याला गावंढळ म्हणण्याचं काही कारण नाही. शहरात त्याची जागा 'भाजी'ने बळकावली. आता मटकीची उसळही भाजी, पनीरचा रस्साही भाजी, आणि मुलं जेवायला बसताना विचारतात 'भाजी कसली?' भाजी या शब्दाला अशी ओढाताण सोसत नाही असं मला वाटतं. पालेभाजीला भाजी म्हणावं, आमटीला आमटी. आणि काय केलंय ते अजून ठाऊक नसताना विचारायचं असेल, तर कोरड्यास इतका नेमका शब्द मराठीत दुसरा मला तरी सापडत नाही. लिहिताना फक्त 'ड्या' जोडाक्षर नीट लिहा, 'कोरडयास' नको.