अंतराळयान विमानाच्या पाठीवर बसवून म्युझियममध्ये नेतात, ते कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का? कसं दिसतं? आणि ते स्वतःच उडत का जात नाही?

हो, मी पाहिलंय. २१ सप्टेंबर २०१२, शुक्रवार. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला लागून असलेलं मॉफेट फील्ड, म्हणजे नासाच्या एम्स केंद्राचा विमानतळ. यान होतं एंडेव्हर, नासाचं २०११ मध्ये निवृत्त झालेलं स्पेस शटल. सोबत बायको, चार वर्षांची मुलगी आणि सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेले बाबा. आई आली नाही. दोनच दिवसांपूर्वी गणपती बसले होते, आमच्याकडे पाच दिवसांचा असतो, आणि देव घरात असताना दाराला कुलूप लावून सगळ्यांनी विमान बघायला जायचं नसतं, हे तिने आदल्या रात्रीच जाहीर केलं होतं. डब्यात शिरा मात्र भरून दिला.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण सकाळी गाडीत बसल्या बसल्या बाबांनीही तोच विचारला. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेले. म्हणाले, "टो करून का नेतायत? ब्रेकडाऊन आहे का?"

ब्रेकडाऊन नव्हतं. स्पेस शटलची मूळ रचनाच तशी. मागच्या तीन मोठ्या इंजिनांचं इंधन यानात नसतंच, ते असतं पोटाशी बांधलेल्या नारिंगी टाकीत. उड्डाणानंतर साधारण साडेआठ मिनिटांत इंजिनं बंद होतात आणि ती टाकी सोडून दिली जाते. त्यामुळे पृथ्वीच्या वातावरणात परत शिरल्यावर शटल म्हणजे एक भलं जड ग्लायडर. इंजिन नाही, त्यामुळे धावपट्टी चुकली तर वर उचलून पुन्हा फेरी मारायची सोय नाही. साधं प्रवासी विमान तीन अंशांच्या उताराने खाली येतं, शटल सुरुवातीला वीसच्या आसपास अंशांनी. बाबांना मी सांगितलं, गाडी न्यूट्रलला टाकून घाट उतरायचा आणि स्टँडवर बरोबर आपल्याच फलाटाला लावायची. ते म्हणाले, "सस्पेंड करतील." पण मुद्दा त्यांना पटला. एकदा जमिनीवर टेकलं की शटल स्वतःहून इंचभर उडू शकत नाही.

म्हणून ते खालचं विमान, बोइंग ७४७. ते काही म्युझियमच्या फेऱ्यांसाठी केलेलं नव्हतं. फ्लोरिडात हवा खराब असली की शटल कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर उतरवायचे, आणि मग ते देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत परत न्यावं लागायचं. सुनीता विल्यम्स २००७ मध्ये पहिल्या मोहिमेवरून परतल्या तेव्हा त्यांचं शटल अटलांटिस असंच एडवर्ड्सला उतरलं होतं आणि मग पाठीवर बसून फ्लोरिडाला गेलं. एंडेव्हर आणणारं ७४७ नासाने १९७४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सकडून सेकंड हँड घेतलेलं. हे ऐकून बाबांचं नासाबद्दलचं मत एकदम चांगलं झालं. पाठीवर यान असलं की मागच्या शेपटीपर्यंत वारा गढूळ होऊन पोचतो, म्हणून शेपटीच्या आडव्या पंखांच्या टोकांना दोन उभे पत्रे जास्तीचे लावलेत. शटलच्या मागच्या बाजूला, जिथे इंजिनांची तोंडं असतात, तिथे निमुळतं टोपण चढवतात, नाहीतर हवा ओढून धरते. एवढं सगळं करूनही रिकामं असताना साडेपाच हजार सागरी मैल जाणारं हे विमान शटल घेऊन जेमतेम हजारभर मैल जातं. म्हणून फ्लोरिडातून १९ तारखेला, आपल्या गणेश चतुर्थीलाच, निघालेलं एंडेव्हर ह्यूस्टन, एल पासो करत दुसऱ्या दिवशी एडवर्ड्सला पोचलं होतं. बाबांचा प्रश्न ठरलेला: "केपीटीएल किती पडत असेल?" (एसटीत दहा लिटरला किती किलोमीटर, ते केपीटीएल. आमच्या घरी कुठल्याही वाहनाची किंमत पैशात नाही, यात सांगायची पद्धत आहे.)

आणखी एक गंमत. ७४७च्या पाठीवर जिथे शटल टेकतं, त्यातल्या एका खुंटाजवळ कुणीतरी सूचना रंगवून ठेवलीय: यान इथे जोडावे, टीप, काळी बाजू खाली. म्हणजे ट्रकमागे शायरी लिहिणारी जमात तिथेही आहे.

आता बघण्याबद्दल. सॅन फ्रान्सिस्कोकडे सकाळी धुकं असतं, त्यामुळे एडवर्ड्सहून उड्डाण तासभर उशिरा ठेवलं होतं. एम्सने त्या दिवशी दरवाजे लोकांसाठी उघडले होते. आम्ही पोचलो तेव्हा धावपट्टीच्या कडेचं गवत दिसत नव्हतं एवढी माणसं, घडीच्या खुर्च्या, बाबागाड्या, शाळांच्या पिवळ्या बस. बाजूला हँगर वन उभं. १९३०च्या दशकात हवाई जहाजांसाठी बांधलेली ती अवाढव्य शेड, पण तेव्हा तिचे विषारी रंगाचे पत्रे उतरवून नुसता सांगाडा उरला होता. बाबांनी यानापेक्षा जास्त वेळ त्या सांगाड्याचे रिव्हेट बघण्यात घालवला. मुलीचा उत्साह वीस मिनिटांत संपला. शिरा पावणेदहालाच संपला.

साडेदहाच्या सुमारास लोक उत्तरेकडे बोटं दाखवायला लागले. आधी नुसता ठिपका. मग ठिपक्यावर अजून एक ठिपका, बाजूला नासाचं छोटं जेट. आवाजाची मी फार कल्पना करून ठेवली होती, पण तो कुठल्याही जुन्या जम्बोचाच होता, कारण वरचं यान गप्पच असतं. आणि वेग इतका कमी की वाटावं, आता पडेल. खाली इतकं आलं की ७४७च्या खिडक्यांची ओळ दिसत होती.

खरं सांगायचं तर ते मला लहान वाटलं. शटल ३७ मीटर लांब, खालचं विमान ७० मीटर. लहानपणापासून चित्रात शटल मोठं आणि बाकी जग छोटं बघितलेलं. इथे ते आईच्या पाठीवर बसलेल्या पोरासारखं. मन थोडं खट्टू झालं, पण दोनच सेकंद. मग माझ्या लक्षात आलं की ते पांढरं नाहीये.

ही गोष्ट मला कुठल्याच फोटोने सांगितली नव्हती. फोटो बहुतेक उड्डाणाआधीचे, धुऊनपुसून ठेवलेले. समोरून गेलेलं एंडेव्हर मळकं होतं. अंगावर करडे, तपकिरी ओघळ मागे वळत गेलेले, जणू कुणी ओल्या बोटांनी राख ओढलीय. नाकाजवळ भाजल्याचा रंग. पोटाच्या काळ्या टाइल्सही एकसारख्या काळ्या नाहीत. जुन्या राखाडी पडलेल्या, मध्येच बदललेली एखादी नवी टाइल ठिगळासारखी गडद. मागचं टोपण तेवढं स्वच्छ, कारण ते कधी वर गेलेलंच नव्हतं. रोज चुलीवर चढणाऱ्या पातेल्याचं बूड असतं ना, तसं ते यान होतं. पंचवीस वेळा वर जाऊन आलेलं, २९९ दिवस तिथे काढलेलं, एकूण १२ कोटी २८ लाख मैल. बाबांनी कपाळावर हात धरून शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "रनिंग झालेली गाडी आहे."

मिनिटभरात ते दक्षिणेकडे गेलं. माझ्या फोनमधल्या अकरा फोटोंपैकी सात फोटोंत पुढच्या माणसाची टोपी आहे. कुणी जात असाल तर सांगतो असं म्हणणार होतो, पण आता ते शक्य नाही. शटल पाठीवर घेऊन ७४७ने केलेला तो शेवटचा प्रवास. अटलांटिस फ्लोरिडातच राहिलं, त्याला रस्त्यानेच नेलं.

ते ओघळ कशाचे, हे मग घरी येऊन शोधत बसलो. परतताना यानाच्या पोटाखालची हवा इतकी तापते की साधा धातू टिकणार नाही. त्यासाठी वाळूतल्या सिलिकाच्या तंतूंच्या टाइल्स, एका यानावर चोवीस हजारांच्या घरात, प्रत्येकीचा आकार आणि नंबर वेगळा. थर्मोकोलसारख्या हलक्या, आत बहुतेक हवाच. आणि या टाइल्सच्या चाचण्या झाल्या त्या एम्समध्येच, आम्ही शिरा खात बसलो होतो त्या आवारात. तिथे आर्क जेट नावाची भट्टी आहे, विजेच्या झोताने तापवलेली हवा नमुन्यावर सोडतात. म्हणून एडवर्ड्स ते लॉस एंजेलिस या वाटेत एम्स आडवळणाला असूनही विमान तिथे आणलं होतं. या टाइल्स पावसाचा थेंबही सहन करत नाहीत. हजारावर अंश चालतात, पण उडताना पाऊस लागला तर चरे पडतात. ७४७च्या पुढे एक दुसरं विमान फक्त पाऊस कुठे आहे ते बघत जायचं.

एम्स म्हटलं की आपल्याला कल्पना चावलाही आठवते. १९८८ पासून ती तिथे काम करत होती. १ फेब्रुवारी २००३ला, शनिवारी संध्याकाळी, आमच्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये कुणीतरी मॅच बदलून बातम्या लावल्या होत्या, तेव्हा तिचं शटल कोलंबिया परतताना तुटल्याची पट्टी दिसली. डाव्या पंखाच्या कडेला उड्डाणाच्या वेळीच टाकीवरचा फोमचा तुकडा लागला होता, तेवढ्याने. एंडेव्हर स्वतः, उड्डाणातच नष्ट झालेल्या चॅलेंजर शटलच्या जागी बांधलेलं. पाचातली दोन गेली, तीन उरली. ते ओघळ बघताना मी नक्की काय विचार करत होतो, ते बायकोला तेव्हा नीट सांगता आलं नाही.

ऑक्टोबरात दुसरा अंक झाला, तो आम्ही लॅपटॉपवर बघितला. लॉस एंजेलिस विमानतळापासून कॅलिफोर्निया सायन्स सेंटरपर्यंत १२ मैल, भर वस्तीतून, रस्त्याने. १२ ते १४ ऑक्टोबर, म्हणजे चालण्यापेक्षा हळू. चारशेच्या आसपास झाडं तोडली, त्यावरून लोक चिडले, ते बरोबरच होतं. बदल्यात जास्त झाडं लावायचं ठरलं. पंख घरांच्या अंगणांवरून चालले होते, तारा आधीच काढलेल्या किंवा उंच केलेल्या. आई पहिल्यांदाच आमच्यात येऊन बसली आणि तिने विचारलं, "बांबू घेऊन वायर उचलणारा पोरगा कुठाय?" एका पुलावर तर जड ट्रॅक्टर नको म्हणून टोयोटाच्या साध्या पिकअपने ते ओढलं.

नोव्हेंबरात, आई-बाबा परत जायच्या आधी, सहा तास गाडी हाकत आम्ही लॉस एंजेलिसला गेलो. तेव्हा यान आडवं ठेवलं होतं आणि खालून चालता यायचं. (आता तसं नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ते खऱ्या टाकीसकट उभं केलंय, नव्या इमारतीत. जवळून आडवं शटल बघायचं असेल तर वॉशिंग्टनजवळच्या उडवर-हेझी केंद्रात डिस्कव्हरी आहे. आणि ते ७४७ ह्यूस्टनला आहे, पाठीवर नकली शटल ठेवून. त्याच्या आत जाता येतं, जरूर जा.) बाबा सवयीने लगेच खाली वाकले. पंधरा मिनिटं मान वर करून टाइल्सवरचे नंबर वाचत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मुलगी त्यांच्या शर्टाला धरून मागे.

बाजूच्या दालनात शेवटच्या मोहिमेचे टायर ठेवले होते, हात लावायला परवानगी होती. बाबांनी खिशातून चष्मा काढला, ट्रेडवर अंगठा फिरवला, झिजलेल्या जागी नख लावून बघितलं. मी पाटी वाचून सांगितलं, मागच्या चाकांचे टायर एका लँडिंगपुरतेच वापरतात, मग बाद.

"एकाच ट्रिपला?" बाबा टायरवरचा हात न काढता म्हणाले. "रिमोल्ड नाही करत?"