जर्मनीला शिकायला निघताना बॅग भरताय?

कागदपत्रांपासून सुरुवात कर. मूळ मार्कशीट, एपीएस सर्टिफिकेट (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला), विद्यापीठाचं प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा (तिथल्या खर्चासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्याचा) कागद हे सगळं हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनमध्ये अजिबात नको. पॉवर बँकही हातातल्या बॅगेतच.

आई साजूक तुपाची बरणी आणि पेढे देईल. तिला आत्ताच समजावून सांग, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्याऐवजी गोडा मसाला आणि मेतकूट भरपूर ने, कारण डाळ-तांदूळ तिथल्या भारतीय दुकानात मिळतात, पण आपला गोडा मसाला सहसा मिळत नाही. पाकिटं नीट सील करून वर नाव लिही.

कुकर तीन लिटरचा पुरे, पण इंडक्शनवर चालणाराच घे. जास्तीची रिंग आणि शिट्टी हवीच. तिथे त्या शोधताना जीव मेटाकुटीला येतो. कुकरच्या पोटात मोजे कोंब, जागा वाचते.

थंडीचं जाड जॅकेट मात्र इथून नको. तिथल्या हवेला तिथलंच बरं, सेकंडहँडही चांगलं मिळतं. आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, म्हणून एक अडॅप्टर आणि एक आपलं एक्स्टेंशन बोर्ड घे. चष्मा असेल तर दुसरा जोड इथेच करून घे.