पेशावरला निघण्यापूर्वी

पाकिस्तानातील पेशावर, मर्दान आणि चारसद्दा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असलेल्या पश्तुनांसाठी, म्हणजे पठाणांसाठी, आपण प्रार्थना करू इच्छिता, याचा आनंद आहे. मात्र बोलण्यापूर्वी ऐकण्याची सवय लावून घ्यावी. बाजारात उर्दूवर भागते, परंतु घरातले दुःख माणूस पश्तोतच सांगतो, म्हणून पहिले वर्ष भाषेलाच द्यावे. त्याच भागातील बन्नूमध्ये रुग्णसेवा करणारे ख्रिस्ती मिशनरी डॉ. थिओडोर पेनेल पश्तो बोलत, पठाणी वेश वापरत आणि १९१२ मध्ये रुग्णाकडून झालेल्या संसर्गानेच वारले. त्यांचे प्रवचन कितींना पटले कोण जाणे, दवाखाना मात्र पटला.

आपल्याला जेवू घालणे हा यजमानाच्या पश्तुनवलीचा, म्हणजे पश्तुनांच्या परंपरागत आचारसंहितेचा आणि अब्रूचा भाग असतो, तेव्हा त्या आतिथ्याला श्रद्धेची ओढ समजू नये. पुरुषाने घरातील स्त्रियांची चौकशी करू नये.

तेथील ख्रिस्ती बहुतांशी पंजाबी वंशाचे आहेत. मशिदीच्या धाटणीवर बांधलेल्या त्यांच्या १८८३ च्या ऑल सेंट्स चर्चवर २२ सप्टेंबर २०१३ रोजी आत्मघाती हल्ला झाला. ईशनिंदेच्या आरोपाखाली मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि पाहुण्याच्या उतावीळपणाची किंमत याच लोकांना मोजावी लागते. म्हणून त्यांना विचारल्याशिवाय कोणालाही धर्मपुस्तक देऊ नये, कोणाचे छायाचित्र पाठवू नये आणि प्रार्थनेच्या पत्रातही नावे लिहू नयेत.