गोळी वाढवण्याआधी

प्रिय मुली,

एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि स्थिर बसवत नाही त्या विकारासाठी, तू घेतेस त्या मेथिलफेनिडेटच्या गोळीबद्दलचा तुझा मेसेज तीनदा वाचला. ‘१० मिलिग्रॅमने काहीच होत नाही, २० घेतली की छाती धडधडते आणि संध्याकाळी रडू येतं. म्हणजे मला एडीएचडी नाहीच का?’ आधी तो शेवटचा प्रश्न बाजूला ठेव. औषध लागू पडलं नाही म्हणून निदान खोटं ठरत नाही, आणि लागू पडलं म्हणून खरंही ठरत नाही. मेथिलफेनिडेटने निदान नसलेल्या माणसालाही तरतरी येते.

त्या आठवड्यात तू काय काय बदललंस ते बघ. तूच लिहिलं आहेस: गोळी एकदम दुप्पट केली, न्याहारी सोडली, रात्री दोनला झोपलीस आणि वर दोन कप कडक कॉफी. आता धडधड कशाची हे कसं कळणार? तुला नाही, मला नाही, डॉक्टरांनाही नाही. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि ती लिहून ठेव. पत्र संपेपर्यंत हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलीस तरी.

मेथिलफेनिडेटची साधी, म्हणजे सगळं औषध लगेच सोडणारी गोळी वीस मिनिटं ते तासाभरात लागू होते, सुमारे दोन तासांनी तिचा जोर असतो आणि तीन-चार तासांत ती ओसरते. अ‍ॅटोमोक्सेटिन या एडीएचडीवरच्या दुसऱ्या औषधाचा अंदाज यायला चार-सहा आठवडे लागतात, हिचा परिणाम त्याच दिवशी दिसतो. त्यामुळेच दुसऱ्या दिवशी वाढवण्याचा मोह होतो. पण एका दिवसात अपुरी झोप येते, पाळी येते, घरचं भांडण येतं. म्हणून साधारणपणे ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं सुरू करून आठवड्याला दिवसाच्या बेरजेत ५ किंवा १० ने वाढवतात, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर. मोठ्या माणसाचा डोस वजनावरून काढता येत नाही. तुझ्या मैत्रिणीला २० चालते, यातून तुझ्याबद्दल काहीही कळत नाही. अमेरिकेतल्या मावसबहिणीचे आकडे तर अजिबात लावू नकोस. ती घेते ते अ‍ॅम्फेटामाइन आहे, वेगळंच औषध आणि मिलिग्रॅममागे जास्त तीव्र.

आता नीट वाच, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. ‘डोस कमी पडतो’ आणि ‘वेळ कमी पडतो’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. साडेनऊला घेतलेली गोळी अकरालाही जाणवली नाही, तर डोस कमी असू शकतो. अकराला छान बसलीस, एकपासून सगळं विस्कटलं आणि दोनला चिडचिड, रडू सुरू झालं, तर मिलिग्रॅम वाढवून काही साधत नाही. गोळी उतरताना काहींना असा झटका बसतो. तिथे दुसरी गोळी किती वाजता घ्यायची किंवा लांब पल्ल्याची, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारायचं. आणि अकरालाच जबडा आवळलेला, हात थरथरणारे, आतून कोरडं वाटणारं, किंवा अभ्यास सोडून चार तास कपाट लावणं चाललेलं असेल, तर डोस जास्त होतोय. लक्ष लागतंय पण नको तिथे, हेही जास्त डोसचं लक्षण असू शकतं. तुझं संध्याकाळचं रडू यातलं कुठलं? वेळ लिहिलेली नाही, म्हणून मला सांगता येत नाही. बघ, पुन्हा तिथेच आलो.

लांब पल्ल्याची १८ ची गोळी म्हणजे साध्या गोळीचे १८ मिलिग्रॅम एकदम नव्हेत. ऑस्मॉटिक प्रकारात, म्हणजे पोटातलं पाणी आत शिरून औषध हळूहळू बाहेर ढकलणाऱ्या गोळीत, वरच्या थरातून सुमारे ४ लगेच सुटतात, बाकीचे दिवसभर हळूहळू. ती साधारण ५ च्या तीन गोळ्यांच्या जागी धरतात. ती चावायची नाही, तोडायची नाही. रिकामं कवच शौचातून बाहेर पडतं, घाबरू नकोस. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली तर तोही एक बदलच, तारखेसकट लिही.

वहीत रोज एक ओळ पुरे: गोळीची वेळ, लागू झाल्याची वेळ, उतरल्याची वेळ, झोपेचे तास, काय खाल्लं, कॉफी. पाच मिनिटं शांत बसून नाडी, गोळीआधी आणि दोन तासांनी. आणि तू निवडलेल्या तीन कामांना दहापैकी गुण, म्हणजे पुस्तक उघडल्यावर पहिली ओळ वाचायला किती वेळ लागला, अशी मोजता येणारी कामं. ‘बरं वाटलं’ असं लिहू नकोस, त्याचा उपयोग नाही. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घे किंवा खाऊन घे, पण रोज तशीच. दिवसाची शेवटची साधी गोळी संध्याकाळी सहाच्या आत.

मी फार सावकाश चालवतो असं तुला वाटेल. वाटू दे. घाईत वाढवलेल्या डोसावर ‘मला हे औषध सोसत नाही’ असा शिक्का बसतो आणि माणूस वर्षानुवर्षं त्याविना ओढत राहतो. असे शिक्के मी गप्प राहून बसू दिले, त्याची खंत जात नाही. म्हणून हा हट्ट, आणि तो मी सोडणार नाही.

बसल्या जागी नाडी १२० च्या वर टिकली, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस, तर वही राहू दे, पुढची गोळी घेऊ नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ. घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयाने गेलं असेल, तुला काचबिंदू असेल, नैराश्याच्या किंवा सर्दीच्या गोळ्या चालू असतील, तर हे त्यांना आजच कळव.

आणखी एक. हे शेड्यूल एक्सचं, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या सरकारी यादीतलं औषध आहे. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि प्रत्येक दुकानात ते मिळत नाही. सात गोळ्या उरल्या की फोन करायला लाग, नाहीतर मध्ये चार दिवस रिकामे जातील आणि वहीतला तो आठवडा वाया.

सोमवारपासून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या १० वर परत ये आणि २० ची हकीकत त्यांना सांग. कॉफी रोज एकच कप, झोप बाराच्या आत, न्याहारी ठरलेली. रविवारी रात्री वहीच्या पानाचा फोटो पाठव, मी वाट बघतोय.