वाचकांचे प्रश्न: बिझनेस इंग्लिश शिकवताना

प्रश्न: मी १२ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवते. आता एका कंपनीतल्या ८ कर्मचाऱ्यांना बिझनेस इंग्लिश शिकवाल का, अशी विचारणा झाली आहे. ऑफिसात मी कधीच काम केलेलं नाही. जमेल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर: जमेल. माल, हिशेब, करार हे सगळं तुमच्या विद्यार्थ्यांना चांगलं कळतं. त्यांचं अडतं ते भाषेपाशी, आणि भाषा तुमच्याकडे आहे. मार्केटिंगवाल्यांनाच मार्केटिंग समजावायला गेलात तर मात्र पहिल्याच तासाला त्यांचा विश्वास उडेल. त्यांच्या कामाबद्दल मोकळेपणाने विचारा. ते इंग्रजीत समजावून सांगताना त्यांचा उत्तम सराव होतो.

वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकाशी १५ ते २० मिनिटं बोला. ‘काय शिकायचंय?’ असं विचारलंत तर ‘फ्लुअंट व्हायचंय’ एवढंच उत्तर येईल आणि त्यावरून एकही तास आखता येणार नाही. त्यापेक्षा असं विचारा: गेल्या आठवड्यात इंग्रजीत काय काय केलंत? फोनवर, समोरासमोर की लेखी? समोरचा कोण होता, ग्राहक की वरिष्ठ? कुठे अडलं, आणि अडल्यावर काय केलंत? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. कोणी सांगेल, ‘फोन सहकाऱ्याकडे दिला’. कोणी म्हणेल, ‘नुसतं येस म्हटलं आणि नंतर मेल करून विचारलं.’ तुमचा अभ्यासक्रम तिथेच सापडतो.

मग प्रत्येकाकडून स्वतः लिहिलेले ५-६ ईमेल आणि एखादा रिपोर्ट मागा. नावं, रकमा, ग्राहकांचे तपशील आधी खोडायला सांगा आणि कंपनीची परवानगी लेखी घ्या. हे मेल वाचताना दोन गोष्टी पाहा: वारंवार काय लिहावं लागतं आणि चुकलं तर नुकसान कशाने होतं. दोन्हींत बसेल ते आधी शिकवा. तयार पुस्तक जोडीला असू द्या, पण क्रम या मेलवरून ठरवा.

पातळी ठरवायला ‘काउन्सिल ऑफ युरोप’ची ए-१ (अगदी सुरुवात) ते सी-२ (सर्वांत वरची पातळी) ही भाषेची सहा टप्प्यांची श्रेणी वापरा. एकाच गटात ए-२ आणि बी-२ आले तर शक्यतो दोन गट करा. ते होणार नसेल तर काम एकच ठेवा, भूमिका वेगळ्या द्या: कच्च्याने ठरलेली माहिती विचारून टिपायची, पक्क्याने वाटाघाट करायची.

प्रश्न: माझे विद्यार्थी काळांचे स्वाध्याय बिनचूक सोडवतात, पण मीटिंगमध्ये गप्प बसतात. शिवाय बोलताना प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारावी का?

उत्तर: हे गप्प बसणं बहुतेकदा व्याकरणामुळे नसतं. वेळ मागून घ्यायची, पुन्हा विचारायची वाक्यंच तोंडात बसलेली नसतात. ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’, ‘लेट मी चेक आय हॅव अंडरस्टुड’ अशी वाक्यं फोड न करता अख्खीच्या अख्खी पाठ करून घ्या, आणि दर तासाला वापरायला लावा.

९० मिनिटांच्या तासात आधी काम द्या, भाषा नंतर शिकवा. १५ मिनिटं जमेल तसं बोलू द्या, मग अडलेली भाषा शिकवा, मग परिस्थिती थोडी बदलून तेच काम पुन्हा करून घ्या. दुसरी फेरी वेळेअभावी गळते आणि तिथेच तास वाया जातो, कारण शिकलेलं तोंडात बसतं ते दुसऱ्या फेरीत.

जोडीच्या कामाची चिठ्ठी नीट लिहा. ‘डिलिव्हरीला उशीर झाला, चर्चा करा’ एवढंच दिलंत तर दोन मिनिटांत संवाद आटपतो. पुरवठादाराच्या चिठ्ठीवर लिहा: १००० नगांपैकी ५०० नग १२ तारखेला देता येतील, पण वाहतूक खर्च ग्राहकाने सोसावा. ग्राहकाच्या चिठ्ठीवर: १५ तारखेच्या आत किमान ४०० नग हवेत, नाहीतर काम थांबेल, वाहतुकीचा निम्माच खर्च देता येईल. आता विचारल्याशिवाय, घासाघीस केल्याशिवाय सुटका नाही.

चुकांचं म्हणाल, तर बोलणं चालू असताना बाजूला बसून कागदावर दोन रकाने करा, छान जमलेलं आणि बिघडलेलं. काम संपलं की ५-६ वाक्यं नावं न घेता फळ्यावर लिहा, आणि गटालाच दुरुस्त करू द्या. मात्र अर्थच उलटत असेल तिथे लगेच थांबवा.

एक उदाहरण घ्या. आपल्या ‘शुक्रवारपर्यंत’मध्ये दोन अर्थ आहेत. ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट द्या’ म्हणजे मुदत, तिथे इंग्रजीत ‘बाय फ्रायडे’. ‘शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे’ म्हणजे तोवर चालू राहणारी स्थिती, तिथे ‘अनटिल फ्रायडे’. मुदतीच्या जागी ‘अनटिल’ गेलं की समोरचा गोंधळतो. उलट ‘बाय’ आणि ‘टू’च्या जोडीत मराठी मदतीला येते: विक्री २० टक्क्यांनी वाढली तर ‘बाय’, बाजारातला वाटा २० टक्क्यांवर गेला तर ‘टू’. ‘नी’ आणि ‘वर’ची ही खूण एकदा दाखवली की विद्यार्थी विसरत नाहीत. फिफ्टीन-फिफ्टीचा घोळ फोनवर हमखास होतो, म्हणून आकडा सांगून झाल्यावर ‘वन फाइव्ह’ असं सुटं म्हणायची सवय लावा.

प्रश्न: बिझनेस इंग्लिश शिकवायला शिक्षकाने प्रमाणपत्र घ्यावंच लागतं का? आणि कामाच्या गडबडीत लोक तास बुडवतात, त्याचं काय करायचं?

उत्तर: सगळीकडे सक्ती नसते. केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीचा किमान १२० तासांचा अभ्यासक्रम आहे. त्यात ६ तास प्रत्यक्ष प्रौढांना शिकवावं लागतं आणि त्याचं मूल्यमापन होतं. तो खास बिझनेस इंग्लिशचा नाही, पण शालेय शिक्षकाला प्रौढांच्या वर्गाची सवय होण्यासाठी फार उपयोगी पडतो.

तास बुडणारच, असं धरूनच आखणी करा. प्रत्येक तास स्वतःपुरता पूर्ण हवा. ‘मागच्या वेळचं पुढे’ अशी साखळी लावू नका. आलेल्यांपैकी एकाने त्या दिवसाचा गोषवारा इंग्रजीत ५ ओळींत लिहून गैरहजरांना मेल करायचा, ही पाळी लावून द्या. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं २ मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि तीन महिन्यांनी त्याच विषयावर पुन्हा. कंपनीने प्रगती विचारली तर विद्यार्थ्यांच्या संमतीने हे दोन्ही ऐकवता येतात.